शुक्रवारपर्यंत ‘हो की नाही’: दबावातल्या निर्णयाची चौकट मोठी कशी करायची

सोमवारी सकाळी कंपनीच्या सर्वांत मोठ्या ग्राहकाचा मेल येतो. दर १२ टक्क्यांनी उतरवा, नाहीतर पुढच्या ऑर्डर दुसरीकडे जातील, उत्तर शुक्रवारपर्यंत हवं. विक्रीतला ४० टक्के वाटा या एका ग्राहकाचा. त्या क्षणापासून प्रमुखाच्या डोक्यात दुसरं काही शिरत नाही. मीटिंगमध्ये तेच, गाडी चालवताना तेच, रात्री अंथरुणावर तेच. आणि शुक्रवारी जे उत्तर जातं ते बहुतेक वेळा सोमवारी पहिल्या दहा मिनिटांत मनात आलेलंच असतं. मधले दिवस विचारात गेले असं वाटतं खरं, पण ते नुसते घोळण्यात गेलेले असतात.

अशा वेळी कुणीतरी हमखास सांगतं, ‘जरा व्यापक दृष्टीनं बघा.’ सल्ला खोटा नाही, अर्धवट आहे. व्यापक म्हणजे कोणत्या बाजूनं? माझं मत असं की दबावाचा मोठा भाग निर्णयातून येत नाही, तो निर्णयाभोवतीच्या चौकटीतून येतो: हा एकच सौदा, ही एकच तिमाही, हे दोनच पर्याय, आणि मी एकटा. यातली प्रत्येक भिंत वेगळी आहे आणि प्रत्येकीला सरकवण्याची रीतही वेगळी. पुढे तीच क्रमानं दिली आहे. मेलचं उदाहरण काल्पनिक आहे, पण शेवटपर्यंत तेच धरून चालू.

त्याआधी एक गोष्ट बाजूला काढून ठेवतो. ‘शंभर वर्षांनी हे कुणाला आठवणार आहे?’ छापाचा दिलासा. स्वतःच्या अपमानावर किंवा हुकलेल्या पुरस्कारावर तो चालतो. ज्याच्या निर्णयावर इतरांचे पगार अवलंबून आहेत, त्याच्या तोंडी तो शोभत नाही. ज्याची नोकरी जाणार आहे त्याला पुढचा महिना काढायचाय, पुढचं शतक नाही. इथे व्यापक दृष्टी म्हणजे प्रश्न क्षुल्लक ठरवणं असा अर्थ घ्यायचा नाही. प्रश्नाच्या आजूबाजूचं जे दिसेनासं झालंय, ते पुन्हा दिसू देणं एवढाच अर्थ घ्यायचा.

दबावात नेमकं काय होतं

ताण वाढला की लक्षाचा परीघ आकसतो, हे मानसशास्त्रज्ञ जे. ए. ईस्टरब्रुक यांनी १९५९ मध्येच मांडलं होतं. समोरची ठळक गोष्ट आणखी ठळक होते, कडेच्या गोष्टी गळून पडतात. १९८१ मध्ये बॅरी स्टॉ, लान्स सँडेलँड्स आणि जेन डटन यांनी हीच गोष्ट अख्ख्या संस्थांना लावून दाखवली. धोका जाणवला की संस्था कमी माहिती तपासते, अधिकार वरच्या एक-दोन माणसांच्या हाती गोळा होतात आणि सगळे जुन्या, सरावाच्या प्रतिक्रियेकडे धाव घेतात. म्हणजे जेव्हा नव्या विचाराची सर्वांत जास्त गरज असते, नेमकी तेव्हाच कंपनी सवयीवर चालायला लागते.

म्हणून पुढचं सगळं कागदावर करायचं. मनातल्या मनात चौकट मोठी होत नाही, कारण जे मन आकसलंय त्याच मनानं ती मोठी करायची असते. एक वही किंवा कोरी फाइल घ्या आणि दारं बंद करून दीड-दोन तास काढा.

पायरी १: प्रश्न लिहा, आणि तो कुणी लिहिला ते बघा

पहिल्या ओळीत निर्णय एका वाक्यात लिहा. आपल्या उदाहरणात बहुतेक जण लिहितील, ‘१२ टक्के सूट द्यायची की नाही?’ आता त्याखाली लिहा: हा प्रश्न कुणाचा? १२ हा आकडा ग्राहकाचा. शुक्रवार ग्राहकाचा. ‘नाहीतर’ हा शब्दही ग्राहकाचा. तुमचं त्यात काहीच नाही. तुम्ही फक्त दुसऱ्याच्या प्रश्नपत्रिकेवर उत्तर लिहायला बसला आहात.

मग मुदत तपासा. शुक्रवारी खरंच काय घडणार आहे? करारात दर बदलण्याची तरतूद काय, ऑर्डर थांबवायला किती दिवसांची नोटीस लागते, दुसरा पुरवठादार उभा करायला त्यांना किती वेळ लागेल? करारात ९० दिवसांची नोटीस असेल तर शुक्रवार ही संभाषणाची तारीख आहे, संबंध तुटण्याची नव्हे. करार उघडून ते कलम प्रत्यक्ष वाचा, आठवणीवर विसंबू नका. निम्मा दबाव या एका वाचनात उतरलेला अनेकदा बघायला मिळतो.

शेवटी प्रश्न आपल्या भाषेत पुन्हा लिहा. ‘या ग्राहकाबरोबरचा धंदा पुढची दोन वर्षं आपल्याला परवडेल अशा अटींवर कसा ठेवायचा, आणि तो गेलाच तर कसं तग धरायचं?’ वाक्य लांबलं, हरकत नाही.

पायरी २: परतीचा रस्ता आहे का?

ॲमेझॉनचे जेफ बेझोस यांनी भागधारकांना लिहिलेल्या २०१५ सालच्या पत्रात निर्णयांचे दोन प्रकार केले होते: ज्या दारातून परत येता येतं ते आणि ज्यातून येता येत नाही ते. मोठ्या कंपन्या दुसऱ्या प्रकारासाठी लागणारी सावकाश, जड प्रक्रिया पहिल्या प्रकारालाही लावतात आणि मंद होतात, ही त्यांची तक्रार.

वहीत इतकंच लिहा: सहा महिन्यांनी हा निर्णय फिरवायचा झाला तर काय किंमत पडेल? किंमत सोसण्यासारखी असेल तर पुढच्या निम्म्या पायऱ्या सोडा, निर्णय घ्या आणि कामाला लागा. एक सावधगिरी मात्र हवी. काही निर्णय कागदावर फिरवता येतात, व्यवहारात नाही. दिलेली सूट परत घेणं हे त्यातलं पहिल्या नंबरचं.

पायरी ३: हा निर्णय रांगेत उभा करा

इथे जरा थांबायला हवं, कारण ही पायरी सर्वांत उपयोगी आणि सर्वांत कमी वापरली जाणारी आहे.

अर्थतज्ज्ञ पॉल सॅम्युएलसन यांनी १९६३ मध्ये एक किस्सा नोंदवला. त्यांनी सहकाऱ्यासमोर पैज ठेवली: नाणं उडवायचं, जिंकलास तर २०० डॉलर, हरलास तर १००. सहकारी म्हणाला, एकदाच असेल तर नको, पण अशा शंभर पैजा लावणार असशील तर तयार आहे. सॅम्युएलसन यांनी ही भूमिका तर्कात बसत नाही असं गणितानं दाखवलं. पुढे मानसशास्त्रज्ञ डॅनियल काह्नमन आणि अर्थतज्ज्ञ रिचर्ड थेलर यांनी त्याच किश्शातून वेगळा धडा काढला. एकेकटी पैज नाकारणारा माणूस आयुष्यभरात अशा असंख्य पैजा नाकारत जातो, आणि त्या सगळ्या एकत्र घेतल्या असत्या तर त्याला तोटा होण्याची भीती जवळजवळ उरलीच नसती. हिशेब करून बघा. शंभर पैजांत सरासरी कमाई ५,००० डॉलर, आणि एकूण पैसे गमावण्याची शक्यता साधारण २,३०० मध्ये एक.

एकेकटी पैज का नकोशी वाटते? काह्नमन आणि एमॉस त्वर्स्की यांच्या १९९२ च्या अंदाजानुसार तोट्याचं दुःख तेवढ्याच फायद्याच्या आनंदापेक्षा सव्वादोन पट जड असतं. निर्णय एकटा समोर आला की हे वजन पूर्ण अंगावर येतं. थेलर सांगतात तो प्रसंगही याच जातीचा आहे. एका कंपनीतल्या विभागप्रमुखांना विचारलं की जोखमीचा पण सरासरीत फायद्याचा प्रकल्प हाती घ्याल का, तर बहुतेक जण मागे सरले. त्यांच्या वरच्या साहेबांना मात्र ते सगळेच प्रकल्प हवे होते. साहेबांना रांग दिसत होती, प्रत्येक विभागप्रमुखाला फक्त आपला एक प्रकल्प आणि तो फसला तर जाणारी आपली खुर्ची.

करायचं असं. गेल्या दोन वर्षांत घेतलेले याच आकाराचे निर्णय आठवून एकाखाली एक लिहा: मोठ्या ऑर्डर, मोठी भरती, नवं यंत्र, बंद केलेलं उत्पादन, तुटलेला ग्राहक. प्रत्येकासमोर तेव्हा वाटलेली भीती आणि आजची स्थिती दोन-दोन शब्दांत. त्याखाली पुढच्या वर्षभरात येऊ घातलेले असेच निर्णय लिहा. आता आजचा निर्णय या रांगेत एक ओळ म्हणून मांडा.

यादी झाली की दोन गोष्टी उघड होतात. एक, ‘आता सगळं संपलं’ असं वाटलेले प्रसंग यादीत आधीही असतात आणि कंपनी अजून उभी असते. दोन, एका निर्णयात हरणं हा धंद्याच्या धोरणाचाच भाग होऊ शकतो. दहांत तीन फसतील हे गृहीत धरून आखणी केली असेल तर तिसरा फसल्यावर झोप उडत नाही.

पण ही पायरी आंधळेपणानं वापरली तर घात करते. रांगेचं गणित दोन अटींवर चालतं. निर्णयांची नशिबं एकमेकांना बांधलेली नसावीत, आणि कोणताही एक निर्णय कंपनी बुडवण्याइतका मोठा नसावा. दहा प्रकल्प आणि दहाही एकाच ग्राहकाच्या जिवावर, तर तो दहादा लावलेला एकच डाव. आपल्या उदाहरणात दुसरी अटच मोडते. ४० टक्के विक्री एका जागी आहे, त्यामुळे ‘असे निर्णय येतात-जातात’ म्हणून इथे सोडून देता येणार नाही. उलट रांग मांडल्यावर खरा आजार दिसतो: १२ टक्क्यांची मागणी हे लक्षण, ४० टक्क्यांचं अवलंबित्व हा रोग.

पायरी ४: आकडे मांडा, मग तिसरा पर्याय शोधा

‘हो’ आणि ‘नाही’ या दोनच शब्दांत अडकलं की इकडे आड तिकडे विहीर अशी गत होते. त्यातून सुटायला आधी आडाची आणि विहिरीची खोली मोजावी लागते. न मोजलेली खोली नेहमी अथांग वाटते.

समजा कंपनीची वर्षाची विक्री १०० आहे. मोठा ग्राहक ४०, बाकी सगळे मिळून ६०. मोठ्या ग्राहकाच्या मालावर कच्चा माल, वाहतूक वगैरे थेट खर्च ३०, म्हणजे त्याच्याकडून हाती उरतात १०. बाकीच्यांकडून उरतात १५. भाडं, पगार, हप्ते असा स्थिर खर्च २०. नफा ५.

आता ‘हो’ म्हटलं तर ४० चे ३५.२ होतात, थेट खर्च तेवढाच, उरतात ५.२. नफा ५ वरून ०.२ वर. बारा टक्क्यांची सूट ऐकायला बारा टक्क्यांची, पण त्या ग्राहकाकडून हाती उरणारी जवळजवळ निम्मी रक्कम आणि कंपनीचा जवळजवळ सगळा नफा तिच्यात जातो. ‘नाही’ म्हटलं आणि ग्राहक पूर्ण गेला तर उरतात १५, स्थिर खर्च २०, वर्षाला ५ चा तोटा, जोवर खर्च कमी होत नाही किंवा नवी विक्री येत नाही तोवर.

हे दोन आकडे शेजारी ठेवले की चित्र पालटतं. ग्राहक जाणं वाईटच, पण त्याला ठेवण्याची किंमतही लहान नाही. आणि ‘तोटा ५’ ही गोष्ट मोजता येते: हाताशी किती महिन्यांची रोकड आहे, कोणता स्थिर खर्च किती दिवसांत कमी होतो, ९० दिवसांच्या नोटिशीत किती विक्री भरून काढता येईल. भीतीला आकडा मिळाला की तिचं काम होऊन जातं.

आता पर्याय. निर्णयांवर दीर्घकाळ संशोधन केलेल्या पॉल नट यांचा सततचा निष्कर्ष असा होता की एकच प्रस्ताव समोर ठेवून ‘करू की नको’ एवढंच ठरवणाऱ्या संस्था जास्त वेळा तोंडघशी पडतात. म्हणून स्वतःला बंधन घाला: ग्राहकानं दिलेले दोन्ही पर्याय आज कायद्यानं बंद झाले असं समजा आणि तरी ग्राहक ठेवायचा आहे. मग काय कराल?

दर सोडून बाकी काय-काय देता-घेता येतं ते लिहायला लागा. वर्षभराच्या ऑर्डरची हमी, पैसे चुकते करण्याची मुदत, मालाची ठरावीक आकारातच खरेदी, वाहतूक कुणी करायची, सुटे भाग कुणी साठवायचे. उदाहरणार्थ, पाच टक्के सूट, बदल्यात दोन वर्षांची हमी आणि ९० ऐवजी ४५ दिवसांत पैसे. ४० चे ३८ झाले, उरले ८, नफा ३. शिवाय पैसे ४५ दिवस आधी आल्यामुळे ३८ च्या विक्रीवर साधारण ४.७ इतकी अडकलेली रोकड मोकळी होते. ही रक्कम एकदाच मिळते, दरवर्षी नाही, पण नवा ग्राहक उभा करायला नेमकी अशीच रोकड लागते.

हा पर्याय ग्राहक मान्य करेल की नाही हा पुढचा भाग. पण आता तुम्ही उत्तर द्यायला नाही, बोलणी करायला निघाला आहात, आणि फोनवरचा आवाजही वेगळा लागतो.

पायरी ५: बाहेरच्यांचं काय झालं ते विचारा

प्रत्येक प्रमुखाला आपली परिस्थिती जगावेगळी वाटते. काह्नमन यांनी स्वतःच्याच गटाची गोष्ट सांगितली आहे. निर्णयशास्त्रावर शाळांसाठी अभ्यासक्रम आणि पुस्तक तयार करणारा गट होता. किती वेळ लागेल हे प्रत्येकानं चिठ्ठीवर लिहिलं: दीड ते अडीच वर्षं. मग गटातल्या एका अनुभवी शिक्षणतज्ज्ञाला विचारलं, अशा इतर गटांचं काय झालं? तो विचार करून म्हणाला, साधारण ४० टक्के गटांनी काम पुरंच केलं नाही, आणि ज्यांनी केलं त्यांना सात ते दहा वर्षं लागली. चिठ्ठीवर त्यानंही दोनच्या आसपासचा आकडा लिहिला होता! माहिती त्याच्याच डोक्यात होती, पण स्वतःच्या गटाला लावायचं त्याला सुचलं नव्हतं. पुस्तक आठ वर्षांनी पूर्ण झालं.

तुमच्या बाबतीत प्रश्न असा: मोठ्या ग्राहकानं दराचा धाक घातला तेव्हा इतर पुरवठादारांचं काय झालं? तीन-चार जणांना फोन करा. स्पर्धक सांगणार नाहीत, पण दुसऱ्या क्षेत्रातले लोक मोकळेपणानं बोलतात. ‘तुम्ही काय केलंत’ यापेक्षा ‘वर्षभरानं काय स्थिती होती’ हे विचारा.

आणि न घडलेल्या गोष्टीही मोजा. १९८६ च्या जानेवारीत अमेरिकेचं चॅलेंजर अंतराळयान उड्डाणानंतर लगेच फुटलं. त्या उड्डाणाच्या आदल्या रात्री, रॉकेट बनवणाऱ्या मॉर्टन थायोकॉल कंपनीचे अभियंते आणि व्यवस्थापक थंडीत रॉकेटच्या सांध्यांतल्या रबरी कड्या टिकतील का यावर नासाशी फोनवर चर्चा करत होते. चर्चेत ज्या उड्डाणांत कड्यांना इजा झाली होती तीच उड्डाणं समोर होती, आणि त्यांत तापमानाचा ठोस संबंध दिसत नव्हता. पुढे चौकशी आयोगानं इजा न झालेली उड्डाणंही मांडली. ६६ अंश फॅरेनहाइट किंवा त्यावर झालेल्या २० उड्डाणांत फक्त ३ वेळा इजा, आणि ६३ अंश किंवा त्याखाली झालेल्या चारही उड्डाणांत इजा. आकडे आदल्या रात्रीही उपलब्ध होते. आपल्या उदाहरणात याचा अर्थ सोपा आहे: गेलेल्या ग्राहकांची फाइल उघडता तशी राहिलेल्यांचीही उघडा. कुणी कधी दर वाढवूनही टिकलं? का टिकलं?

पायरी ६: खुर्चीतून उठा

१९८५ च्या मध्यावर इंटेल मेमरी चिपच्या धंद्यात जपानी कंपन्यांपुढे मार खात होती. मेमरी हाच कंपनीचा मूळ धंदा, त्यामुळे तो सोडण्याचा विचार कुणी उघड करत नव्हतं. कंपनीचे अध्यक्ष अँडी ग्रोव्ह यांनी मुख्य कार्यकारी अधिकारी गॉर्डन मूर यांना विचारलं की आपल्याला काढून बोर्डानं नवा प्रमुख आणला तर तो काय करेल? मूर यांनी क्षणाचाही विलंब न लावता सांगितलं की तो मेमरीतून बाहेर पडेल. मग आपणच दाराबाहेर जाऊन परत येऊ आणि ते करू, असं ग्रोव्ह यांनी सुचवलं. इंटेल मेमरीतून बाहेर पडली आणि मायक्रोप्रोसेसरची कंपनी झाली.

हा प्रश्न इतका वापरला गेलाय की गुळगुळीत झालाय, पण करून बघणारे थोडेच. करण्याची रीत: स्वतःचं नाव घालून, तिसऱ्या पुरुषात अर्धं पान लिहा. ‘अमुक यांच्यासमोर अशी अडचण आहे. त्यांना सर्वांत जास्त भीती कशाची वाटते? त्यांच्या जागी उद्या नवा माणूस आला तर पहिल्या आठवड्यात काय करेल?’ लिहिताना थोडं हास्यास्पद वाटतं, वाटू द्या. मानसशास्त्रज्ञ ईथन क्रॉस आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत ‘मी’ऐवजी स्वतःचं नाव घेऊन विचार करणाऱ्यांना ताणाच्या प्रसंगी कमी त्रास झाला आणि त्यांची कामगिरीही सुधारली.

नव्या माणसाला एक गोष्ट नसते जी तुम्हाला असते: हा ग्राहक मीच आणला, हा अभिमान. तो अभिमान किती टक्के निर्णय घेतोय, हे त्या अर्ध्या पानात दिसतं.

पायरी ७: काळ ताणा, पण फार नाही

दहा मिनिटांनी, दहा महिन्यांनी, दहा वर्षांनी या निर्णयाबद्दल काय वाटेल, हा लेखिका सूझी वेल्च यांचा प्रसिद्ध प्रश्न आहे. वैयक्तिक निर्णयांत तो छान चालतो. धंद्यात मला तो मधल्या टप्प्यापुरताच कामाचा वाटतो. दहा मिनिटांचं उत्तर ‘सुटलो’ असंच येतं आणि दहा वर्षांचं उत्तर कल्पनारंजन होतं. दीड वर्ष ते तीन वर्षं हा पट्टा धरा. आज १२ टक्के दिले तर पुढच्या वर्षी हाच ग्राहक काय मागेल, आणि ही बातमी कानावर गेल्यावर बाकीचे ६० टक्के काय मागतील? एवढं लिहिलंत तरी बास.

पायरी ८: कुणाला झळ बसणार, त्यांची नावं लिहा

१९८२ च्या सप्टेंबरअखेर शिकागो परिसरात टायलेनॉल या वेदनाशामक औषधाच्या कॅप्सूलमध्ये कुणीतरी सायनाइड मिसळल्यानं सात जणांचा मृत्यू झाला. विष कारखान्यात मिसळलं गेलं नव्हतं आणि घटना एकाच भागातल्या होत्या. तरी ते औषध विकणाऱ्या जॉन्सन अँड जॉन्सननं देशभरातल्या सुमारे ३.१ कोटी बाटल्या परत मागवल्या. खर्च १० कोटी डॉलरच्या घरात. प्रमुख होते जेम्स बर्क. इतक्या दबावात त्यांच्याजवळ एक तयार गोष्ट होती: १९४३ पासून कंपनीत लिखित असलेला जबाबदाऱ्यांचा क्रम. आधी औषध वापरणारे, मग कर्मचारी, मग समाज, शेवटी भागधारक. आणीबाणीत हा क्रम नव्यानं ठरवावा लागला नाही. त्याच वर्षी छेडछाड लगेच दिसेल अशा नव्या वेष्टनात औषध बाजारात परत आलं.

तुमच्याकडे असा क्रम लिहिलेला नसेल तर दबावाच्या आठवड्यात तो लिहिण्याच्या भानगडीत पडू नका, तेव्हा जो ओरडतो तोच वर जातो. शांत काळात लिहा. आत्ता एवढंच करा: प्रत्येक पर्यायात झळ बसणाऱ्यांची यादी, शक्य तिथे नावानिशी. ‘खर्चकपात’ असं लिहू नका, कोणत्या विभागातल्या कोणत्या लोकांची शिफ्ट बंद होईल ते लिहा. यानं दबाव तात्पुरता वाढतो, हे मान्य. पण तो योग्य जागी वाढतो, आणि ग्राहकाच्या खरेदी अधिकाऱ्याला काय वाटेल ही काळजी आपोआप मागे पडते.

पायरी ९: निर्णय फसलाय असं समजून बसा

निर्णय जवळपास ठरला की टीममधल्या चार-पाच जणांना बोलवा आणि मानसशास्त्रज्ञ गॅरी क्लाइन यांनी २००७ मध्ये लोकांपुढे आणलेला सराव करा. त्यांना सांगा: आजपासून एक वर्ष उलटलंय आणि आपला निर्णय साफ कोसळलाय. का कोसळला ते प्रत्येकानं दोन-तीन मिनिटं गप्प बसून लिहा. मग एकेक कारण वाचा, वरिष्ठांनी शेवटी.

‘काही शंका आहेत का?’ असं विचारलं की मराठी, इंग्रजी, कोणत्याही भाषेतली मीटिंग गप्प बसते, कारण शंका काढणं म्हणजे साहेबांच्या निर्णयाला विरोध. निर्णय फसलाच आहे असं धरलं की कारणं शोधणं ही हुशारी ठरते. लेखा विभागातली व्यक्ती सांगते की हा ग्राहक ४५ दिवसांची अट कागदावर मानेल पण बिलात चुका काढून पैसे लांबवेल, मागेही लांबवले होते. ही गोष्ट तिला आधीपासून ठाऊक असते, विचारलेलं नसतं.

आलेल्या कारणांतली दोन किंवा तीनच निवडा आणि त्यावर बंदोबस्त करा. सगळ्यांवर करायला गेलात तर निर्णय पुन्हा रेंगाळेल.

ही पद्धत केव्हा वापरायची नाही

कुणाच्या जिवाला धोका असेल तेव्हा. आधी यंत्र बंद, मग वही. उद्या पगाराला पैसे नसतील तेव्हाही आधी बँकेत जा. आणि तिसरा प्रसंग जरा लाजिरवाणा आहे: उत्तर तुम्हाला केव्हाच कळलेलं असतं, फक्त सांगायची हिंमत होत नसते. तेव्हा ‘अजून एक दृष्टिकोन घेऊ’ म्हणत राहणं म्हणजे टाळाटाळ. ओळखायची खूण सोपी आहे. नवी माहिती मिळूनही पर्यायांचा क्रम बदलायचा थांबला असेल, तर विचार संपलाय. बेझोस यांनी २०१६ च्या पत्रात, हवी असलेल्या माहितीपैकी सुमारे ७० टक्के हाती आली की बहुतेक निर्णय घ्यावेत असं लिहिलं होतं. आकडा तंतोतंत धरू नका, दिशा धरा.

निर्णय झाल्यावर

त्याच दिवशी एका पानावर चार गोष्टी लिहून तारीख टाका: काय ठरवलं, कोणते पर्याय सोडले आणि का, काय घडेल अशी अपेक्षा आहे, आणि काय दिसलं तर निर्णय फिरवायचा. आपल्या उदाहरणात शेवटची ओळ अशी असेल: ‘सलग दोन बिलांचे पैसे ६० दिवसांच्या पुढे गेले तर सूट थांबवायची.’ ही ओळ आधी लिहिलेली असली की दोन महिन्यांनी पुन्हा रात्रीची झोप घालवून विचार करावा लागत नाही. फक्त बिलाची तारीख बघायची.

टीमला सांगताना निकाल आणि कारण दोन्ही सांगा, सोडलेल्या पर्यायांसकट. ‘व्यवस्थापनानं सर्व बाजूंचा विचार करून’ हे वाक्य वापरू नका, त्यावर कुणी विश्वास ठेवत नाही. विक्री विभागाला १२ का नाही आणि ५ का हे आकड्यांनिशी कळलं, तर पुढचा ग्राहक सूट मागेल तेव्हा तो मेल तुमच्यापर्यंत यायची गरजच पडणार नाही. अवलंबित्वाचं काम वेगळं काढा, एका माणसाच्या नावावर टाका आणि पहिलं लक्ष्य छोटं ठेवा: वर्षअखेर ४० चा वाटा ३३ वर. आढाव्याची तारीख आजच कॅलेंडरमध्ये घाला, शक्यतो तिमाहीच्या शेवटच्या आठवड्यात नको, त्या आठवड्यात कुणाचंच डोकं जागेवर नसतं.